हात लावून सांगतो

नर्सबाईंची पांढरी गाडी पुन्हा एकदा दोरीला बांधून ओढत आणली, तेव्हा माझी खात्रीच पटली की हे आपल्या गॅरेजमधल्याच माणसाचं काम आहे. बाहेरच्याची एवढी हिंमत नाही.

गॅरेज माझ्या मोठ्या भावाचं. इंजिनं तो बघतो आणि दारालगतच्या काचेच्या खोलीत बसून बाकीचं सगळं मी बघते, म्हणजे फोन, सुट्या भागांची मागणी आणि गिऱ्हाइकांची कटकट. भावाला सगळे दादा म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. मला तो फौजदार म्हणतो. माझा कप जागचा हलला तरी कुणी हलवला हे कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, हे खरं आहे. पण सगळ्यांवर विश्वास टाकून बसलं तर गॅरेजची शटरंसुद्धा लोक उचलून नेतील. घरात एक तरी माणूस असा हवा.

दादाची काम करायची पद्धत साऱ्या भागात प्रसिद्ध होती. तो मीटर लावत नाही, यंत्रं लावत नाही, हात लावतो. गाडी तापते अशी तक्रार आली की इंजिन चालू करून चांगलं तापू द्यायचं आणि मग बंद करायचं. इंजिनातलं कढत पाणी वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथे गार होत उतरतं आणि खालच्या पाइपातून परत जातं. दादा आधी वरच्या पाइपावर हात ठेवायचा, मग खालच्या. शेवटी डोळे मिटून पंजा पसरून सगळ्या रेडिएटरवरून फिरवायचा, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. रेडिएटर आतून तुंबला असेल तर तुंबलेल्या जागी पाणी पोचत नाही आणि तेवढा पट्टा गार लागतो. तो पट्टा दादाच्या हाताला बरोबर सापडायचा. "हात लावून सांगतो," असं तो म्हणाला की गिऱ्हाईक निश्चिंत व्हायचं. आमच्या गॅरेजची हमी म्हणजे तेवढे तीन शब्द. दुसरी पाटी आम्ही कधी लावलीच नाही.

नर्सबाई म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरोघरी जाऊन जखमा धुणाऱ्या, पट्ट्या बदलणाऱ्या. आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी तिचं सगळं केलं होतं. त्यामुळे त्यांची गाडी आली की दादाचा हुकूम असायचा, "हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ही मी बघणार." आणि नेमकी तीच गाडी पुन्हा पुन्हा तापत होती. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. टेकडीवरच्या वस्तीचा चढ लागला की काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ, आणि नर्सबाई रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या.

माझा पहिला संशय नर्सबाईंवरच गेला. खोटं कशाला बोलू? मी विचारलं, "बाई, पाणी बघता ना वेळच्या वेळी?"

"मी माणसांच्या जखमा बघते गं," त्या म्हणाल्या, "गाडीचं पाणी नाही बघणार? रोज सकाळी नळाचं पाणी घालते."

त्यांच्या तोंडावरून तरी त्या खोटं बोलत नव्हत्या. तोवर दादाने थर्मोस्टॅट बदलला होता. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की उघडणारी छोटीशी झडप. मग माझा संशय सुट्या भागांच्या दुकानदारावर गेला. गोड बोलणारा माणूस आहे, आणि गोड बोलणाऱ्यांचं माझं कधी जमलं नाही. नकली माल गळ्यात मारला असणार. जुना थर्मोस्टॅट मी चहाच्या पातेल्यात टाकला आणि स्टोव्हवर ठेवला. पाणी उकळायला लागलं तशी झडप सावकाश उघडली. दादाने नवा परत काढून दिला, तोही तसाच उघडला. दुकानदाराला झापायला फोन हातात घेतला होता, तो निमूट खाली ठेवला. पातेलं मात्र फुकट गेलं. त्यातल्या चहाला नंतर कायम रबराचा वास यायचा.

दादाने पाण्याचा पंप बदलला. पंख्याचा स्विच बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं. दर वेळी शेवटी डोळे मिटून पंजा फिरवला आणि म्हणाला, "सगळीकडे सारखं गरम आहे. पाणी व्यवस्थित फिरतंय." आणि दर वेळी टेकडीच्या चढावर गाडीने त्याला खोटं पाडलं.

मग पाणी कुठे मुरतंय ते मला दिसलं.

आमच्याकडे एक फिटर आहे. तोंडाला कुलूप लावूनच जन्माला आलेला. दिवसभरात "हं" आणि "झालं" याच्या पलीकडे शब्द नाही, म्हणून त्याचं नाव मौनीबाबा. इतकी वर्षं मला त्याच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण रस्त्याच्या पलीकडे नवं मोठं वर्कशॉप उघडलं, काचेची दारं आणि सगळ्यांना सारखे निळे कपडे. तिथला मॅनेजर चहाच्या टपरीवर मौनीशी हळू आवाजात बोलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. माझ्या मनात पाल चुकचुकली. मौनीशी लोक बोलतात कशाला? उत्तर तर मिळत नाही.

तेव्हापासून मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, आणि तो सापडलाच. किराणावाल्याची व्हॅन दादाने तपासली, बॉनेट बंद केलं आणि हात धुवायला मागे गेला. मौनी इकडेतिकडे बघत व्हॅनपाशी आला. बॉनेट आवाज न करता उचललं, आत हात घातला, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खिशातून पाना काढून काहीतरी पिळलं आणि बॉनेट इतकं अलगद लावलं की मांजरसुद्धा जागं झालं नसतं. सरळ काम करणारा माणूस बॉनेट धाडकन आपटतो. हे मला कुणी शिकवायला नको.

मी त्याला खोलीत बोलावलं. "नर्सबाईंच्या गाडीला हात लावलास का?"

"नाही."

"दादाने तपासलेल्या दुसऱ्या गाड्यांना?"

त्याची नजर जमिनीकडे.

"आजपासून दादाने बॉनेट बंद केलं की तू ते उघडायचं नाहीस. कुठल्याच गाडीचं. समजलं?"

त्याने काचेतून दादाकडे पाहिलं. दादा नळाखाली हात चोळत काहीतरी गुणगुणत होता. "बरं," मौनी म्हणाला आणि गेला.

आणि मग काय झालं असेल? किराणावाल्याची व्हॅन ठीक राहिली, पण त्यानंतर दादाने तपासून दिलेल्या आणखी गाड्या परत यायला लागल्या. एकीचा ब्रेक घासत होता, चाक तापत होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरीचा पंख्याचा पट्टा सैल राहिला होता. आधी असं कधी होत नसे. मी मनाशी म्हटलं, बघ, डूख धरलाय मेल्याने. एक वाट बंद केली तर दुसरी शोधली.

दादाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "फौजदार, मौनी काय करणार? त्याला साधं भांडता येत नाही."

"शटरची एक चावी त्याच्याकडे असते," मी म्हटलं. "आणि तू तपासलेलीच गाडी बिघडते. मग एक तर तो काहीतरी करतोय, नाहीतर तुझा हात चुकतोय. दोन्हीतलं एक बोल."

हे मी मुद्दाम बोलले. वर्मावर बोट ठेवल्याशिवाय दादा हलत नाही. त्याचा चेहरा पडला. आपला तळहात त्याने उलटा करून पाहिला, काळपट, जाड कातड्याचा, भेगाळलेला. "माझा हात नाही चुकत," तो म्हणाला. "पुन्हा नर्सबाईंची गाडी आली तर मौनीला जायला सांगतो." आवाजात जोर होता, पण नजर माझ्याकडे नव्हती.

त्याच आठवड्यात दादा सकाळी एकाच पायात चप्पल घालून गॅरेजमध्ये आला. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी पोट धरून हसले. "अरे, पाय तरी घरून आणलास ना दोन्ही?" दादाही हसला. त्याला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे, चहा बिनसाखरेचा लागतो. तो पीत पीत म्हणाला, "पायाला सवय झालीय गं आता कशाचीही." मौनी तेवढा हसला नाही. उठला आणि मुकाट्याने चप्पल शोधायला गेला. मी तेही त्याच्या खात्यावर टाकलं. मनात काही असलेल्या माणसालाच हसू येत नाही.

तर अशी ती गाडी दोरीला बांधून परत आली. नर्सबाई मागून पायी आल्या, घामाघूम, खांद्यावर त्यांची औषधांची बॅग. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"दादा, एक म्हातारा माणूस पाठीची जखम उघडी टाकून माझी वाट बघतोय. आज मी इथेच उभी राहणार. काय बिघडलंय ते माझ्यासमोर शोधा. नाहीतर गाडी समोरच्या काचवाल्यांकडे नेते. तुमच्या आईची शपथ घालू नका मला."

दादा मौनीकडे वळला. "तुझी पेटी आवर," म्हणाला. "जा तू. बाकीचं नंतर बघू."

मौनीने मान हलवली. भिंतीपाशी बसून आपले पाने एकेक करून फडक्याने पुसायला आणि पेटीत ठेवायला लागला. मला वाटलं होतं, आपल्याला हायसं वाटेल. नाही वाटलं. पाने कसले पुसतोस, ऊठ आणि जा, असं ओरडावंसं वाटलं.

दादाने गाडीत पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. आम्ही सगळे काट्याकडे बघत उभे. काटा चढला, चढतच गेला. लाल रेघेच्या अलीकडे दादाने इंजिन बंद केलं आणि बॉनेटखाली वाकला. डोळे मिटले. पंजा वरच्या पाइपाजवळ रेडिएटरवर टेकवला आणि सावकाश खाली आणला, पुन्हा वर नेला.

"सारखं गरम आहे," तो म्हणाला. "रेडिएटरला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे कुणीतरी मागून उद्योग करतंय," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. भिंतीपाशी फडकं थांबलं.

"मला नीट समजावून सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "सारखं गरम म्हणजे काय?"

"या, दाखवते," मी म्हटलं. दादावर अविश्वास दाखवणारं कुणी मला सहन होत नाही, मग त्या नर्सबाई का असेनात. मी तरातरा पुढे झाले आणि दादाच्या पंजाला लागून माझा तळहात ठेवला. "हे बघा, इथे..."

मी किंचाळले. हात आपोआप मागे आला. तळहात तव्यावर ठेवल्यासारखा पोळला होता. डोळ्यांत पाणी आलं.

दादाचा हात तिथेच होता. तसाच, आरामात टेकलेला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

दुसऱ्या हाताची बोटं मी भीत भीत रेडिएटरच्या खालच्या भागाला लावली. गार. माठाला हात लावावा तसा गार. उजवीकडे सरकवली, तिथेही गार. खालचा पाइप गार. वरचा भाग पेटलेला आणि खालचा जवळजवळ अर्धा गार. एवढं तर मलाही कळत होतं, जिने आयुष्यात पाना धरला नाही.

नर्सबाई रेडिएटरकडे बघतच नव्हत्या. त्यांनी दादाचं मनगट धरून हात उचलला आणि उजेडाकडे उलटा केला. बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडून फुगली होती. शेजारी जुने डाग होते, काही वाळलेले, काही लालसर. मी रोज त्या हातात चहा देत होते. मला ते ग्रीस वाटायचं.

"हे कधी भाजलं?" त्यांनी विचारलं.

"काय?" दादा म्हणाला.

त्यांनी बॅगेतून एक बारीक सुई काढली. "डोळे मिटा. टोचलं की 'हं' म्हणा."

दादाने डोळे मिटले. गाड्यांपुढे मिटायचा तसेच, मान जराशी कलती करून. नर्सबाईंनी अंगठ्याच्या टोकाला सुई टोचली. मग तर्जनीला. मग मधल्या बोटाला. करंगळीवर रक्ताचा बारीक थेंब आला.

"टोचा की आता," दादा म्हणाला. "किती वेळ उभं करताय?"

मला ती चप्पल आठवली आणि माझं खदाखदा हसणं आठवलं.

"पायही बघायला हवेत," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हातांच्या आधी पायांची संवेदना गेलेली असते. साखरेमुळे होतं हे. दादा, डोळे उघडा."

मी मौनीकडे वळले. कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला उभं राहता आलं नसतं. "तुला माहीत होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"मग तोंड नव्हतं का तुला? इतके दिवस गप्प बसलास! मी तुला चोर ठरवलं तरी गप्प बसलास!"

तो उभा राहिला. हातातलं फडकं त्याने घडी घालून खिशात ठेवलं. इतकं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "दादांनी बॉनेट बंद केलं की मी मागून एकदा हात लावून बघायचो. काही राहिलं असेल तर करून टाकायचो. दादांना कळू न देता. मग तुम्ही नको म्हणालात."

"आणि ही गाडी?"

"हिला कुणी हात लावायचा नाही असं दादाच म्हणाले होते."

"मग त्या काचवाल्या मॅनेजरशी काय बोलत होतास टपरीवर?" मला अजूनही काहीतरी सापडायला हवं होतं.

"तिकडे या म्हणत होता. नाही म्हटलं." त्याने दादाकडे पाहिलं. "मी गेल्यावर मागून हात कोण लावणार?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. दादा आमच्या दोघांकडे बघत नव्हता. तो पुन्हा गाडीकडे वळला होता आणि दोन्ही पंजे त्याने रेडिएटरवर ठेवले होते, एक वर, एक खाली. या वेळी डोळे उघडे होते. आपल्याच हातांकडे तो असा बघत होता, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत आणि कुणीतरी चुकून इथे ठेवून गेलंय.

"काही लागतंय का?" नर्सबाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता म्हणेल, सारखं गरम आहे.

"नाही," दादा म्हणाला. "काही नाही लागत."

हात मात्र त्याने काढले नाहीत. काढायला हवेत हे त्याला कळणार तरी कसं? मौनी पुढे आला आणि त्याने दादाचा वरचा हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग स्वतःचा हात रेडिएटरवरून चटचट फिरवला, पोळत होतं तिथे टेकवून, उचलून.

"कुठे गार आहे?" दादाने विचारलं.

"खालचा अर्धा. उजवीकडे जास्त."

"म्हणजे आतून तुंबलाय. नळाचं पाणी घालून घालून क्षार बसलाय."

"हं."

"काढ मग तो. साफ होतोय का बघू." दादा मागे सरला आणि स्टुलावर बसला. मौनीने भरलेली पेटी पुन्हा उघडली. नर्सबाई दादासमोर खाली बसल्या आणि त्याच्या पायातल्या चपला काढायला लागल्या, आणि दादाने त्यांना काढू दिल्या.

मी तिथेच उभी होते, पोळलेला हात दुसऱ्या हातात धरून. दादाचं लक्ष गेलं.

"बघू," तो म्हणाला. मी हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही, फक्त वाकून पाहिलं. "जळजळतंय का गं?"

"खूप."

"चांगलं आहे," दादा म्हणाला.